मिताहारी प्रोसेसर : छोटा लॅपटॉप निवडताना

व्यापारी कुटुंबात कोणतीही वस्तू घरात येण्यापूर्वी किंमत काय, टिकेल किती आणि पडून तर राहणार नाही ना, एवढे प्रश्न हमखास विचारले जातात. तराजू घेताना, गोदामाचे पत्रे घेताना, अगदी पाण्याची मोटार घेतानाही ते विचारले जातात. लॅपटॉप घेताना मात्र हे सारे प्रश्न दुकानाच्या पायरीवरच राहतात. विक्रेता ‘आय५’, ‘आय७’, ‘आठ कोअर’ अशी नावे उच्चारतो, आपण मान डोलावतो आणि चाळीस-पन्नास हजारांची रक्कम मोजून घरी येतो.

यवतमाळ जिल्ह्याच्या महागाव तालुक्यातील फुलसावंगीसारख्या गावी राहणाऱ्या कुटुंबांना या विषयाचा विचार थोडा अधिक बारकाईने करावा लागतो. कापूस, सोयाबीन, तूर आणि हळद यांच्या हंगामावर चालणारा आपला व्यवहार. वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. यंत्र बिघडले तर पुसद, उमरखेड, यवतमाळ किंवा नांदेड गाठावे लागते. शिवाय हा लॅपटॉप एका जागी बसत नाही. सकाळी तो पेढीवर असतो, दुपारी खरेदीच्या गाडीत असतो आणि रात्री जेवणे आटोपल्यावर सूनबाई स्वयंपाकघरातील टेबलावर त्याच्यावर दिवसाची बिले चढवीत असतात. वजनाला हलका, बॅटरीवर दिवस काढणारा आणि तापून न थांबणारा असा लॅपटॉप हवा असेल, तर त्याचा निर्णय एका नखाएवढ्या चिपवर येऊन ठेपतो. ती चिप म्हणजे प्रोसेसर.

लॅपटॉपमधील बहुतेक भाग पुढे बदलता येतात. बॅटरी बदलता येते, साठवणीची एसएसडी मोठी करता येते, काही यंत्रांत रॅमही वाढविता येते. प्रोसेसर मात्र मुख्य पट्टीवर कायमचा डाख देऊन बसविलेला असतो. घेताना जो आला तोच यंत्राच्या अखेरपर्यंत राहतो. म्हणून या एका बाबतीत घाई परवडत नाही.

वॅटचा हिशेब

प्रथम एक साधे गणित समजून घेऊ. बॅटरीची क्षमता वॅट-तासांत मोजली जाते. छोट्या लॅपटॉपची बॅटरी ३८ ते ४० वॅट-तासांची असते, असे धरू. संपूर्ण यंत्र, म्हणजे पडदा, प्रोसेसर, वायफाय सर्व मिळून, सरासरी ६ वॅट वीज घेत असेल, तर ३८ भागिले ६, म्हणजे सुमारे सव्वासहा तास काम चालेल. तेच यंत्र सरासरी १२ वॅट घेत असेल, तर तीन तासांच्या आसपास बॅटरी संपेल. दोन-तीन वर्षांनी बॅटरीची शक्ती चार-पंचमांश उरली, तर पहिले यंत्र अजून पाच तास साथ देते. दुसरे अडीच तासांतच चार्जर मागू लागते.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. मासिक जीएसटीआर-३बी विवरणपत्राची अंतिम तारीख २० आहे. त्या दिवशी दुपारी वीज गेली आणि रात्री उशिरापर्यंत आली नाही, तर विलंबशुल्क दिवसाला ५० रुपये आणि थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज, असा भुर्दंड बसतो. ई-वे बिल निघाले नाही तर भरलेला ट्रक दारात उभा राहतो. ज्या घरात लॅपटॉपची बॅटरी सहा तास चालते आणि इंटरनेट मोबाइलवरून घेता येते, त्या घरात वीज जाणे ही किरकोळ घटना ठरते.

कमी विजेच्या यंत्राचा आणखी एक लाभ आहे. तो सहसा जाहिरातीत सांगितला जात नाही. असे अनेक लॅपटॉप मोबाइलसारख्या सी-प्रकारच्या तारेने भारित होतात. २०,००० एमएएचची पॉवर बँक म्हणजे ३.७ व्होल्टच्या हिशेबाने ७४ वॅट-तास. वाटेतील घट वजा जाता साठेक वॅट-तास हाती येतात. सहा-सात वॅटवर चालणाऱ्या यंत्राला ते आठ-नऊ तास पुरतात. मात्र ती पॉवर बँक लॅपटॉपला लागणारा २० व्होल्टचा दाब देणारी असावी. मोबाइलपुरतीच असलेली साधी पॉवर बँक येथे उपयोगी पडत नाही.

विजेच्या बिलाचाही हिशेब मांडून पाहावा. जुना टेबलावरचा संगणक पडद्यासह ७० वॅट घेतो आणि दिवसाला १० तास चालतो असे धरले, तर वर्षाच्या ३०० दिवसांत २१० युनिट होतात. १० वॅटच्या लॅपटॉपला तेवढ्याच कामाला ३० युनिट लागतात. फरक १८० युनिटांचा. दर युनिटला १० रुपये धरला तर वर्षाकाठी १,८०० रुपये. प्रत्येकाने आपल्या बिलावरचा दर घालून हा आकडा काढावा.

वेग आणि वीज यांचे नाते

वेगवान प्रोसेसर अधिक वीज खातो, एवढे सर्वांना ठाऊक असते. किती अधिक, हे मात्र समजून घेण्यासारखे आहे. चिपमधील कोट्यवधी सूक्ष्म कळा सेकंदाला अब्जावधी वेळा उघडतात आणि मिटतात. त्यात खर्च होणारी वीज घड्याळी वेगाच्या पटीत वाढते, आणि विजेच्या दाबाच्या, म्हणजे व्होल्टेजच्या, वर्गाच्या पटीत वाढते. वेग वाढवायचा तर दाबही वाढवावा लागतो. परिणामी दोन्हींचा भार एकदम पडतो.

आता उलट दिशेने पाहू. वेग २० टक्क्यांनी कमी केला आणि दाबही २० टक्क्यांनी उतरविला, तर विजेचा खर्च ०.८ गुणिले ०.८ गुणिले ०.८, म्हणजे ०.५१२ पट होतो. म्हणजे ८० टक्के काम निम्म्या विजेत होते, आणि शेवटच्या २० टक्के वेगासाठी जवळजवळ तेवढीच वीज पुन्हा मोजावी लागते. ज्यांनी कर्जाचे हिशेब केले आहेत, त्यांच्या हे चटकन लक्षात येईल. मर्यादेच्या टोकाला उचललेला रुपया नेहमीच सर्वांत महाग पडतो.

प्रोसेसरच्या माहितीपत्रकात ६ वॅट, १५ वॅट, २८ वॅट असे आकडे असतात. हा आकडा म्हणजे सरासरी वापर असा समज आहे. तो बरोबर नाही. दीर्घकाळ भरपूर काम करीत असताना जेवढी उष्णता बाहेर टाकण्याची सोय लागते, त्याचा तो दर्शक आहे. इंटेल कंपनी २०२१ च्या अखेरीस आलेल्या बाराव्या पिढीपासून त्यास मूळ शक्ती म्हणते, आणि शेजारी कमाल शक्तीचा वेगळा आकडा देते. कोअर आय५-१२३५यू या चिपची मूळ शक्ती १५ वॅट आहे. क्षणिक जोराच्या वेळी ती ५५ वॅटपर्यंत जाऊ शकते. मंजूर कॅश क्रेडिट मर्यादा आणि तात्पुरता ओव्हरड्राफ्ट यांतील फरकासारखाच हा प्रकार आहे. बॅटरीवर दिवस काढायचा असेल, तर तात्पुरत्या उचलीवर नजर ठेवावी लागते.

खैराटच्या शाळेतील हिरवा लॅपटॉप

कमी विजेचा प्रोसेसर कसा निवडावा, याचा सर्वांत बोलका धडा आपल्या महाराष्ट्रात येऊन गेला आहे. ‘प्रत्येक मुलास एक लॅपटॉप’ ही कल्पना अमेरिकेतील एमआयटीच्या निकोलस निग्रोपॉन्टे यांनी २००५ मध्ये दाव्होस येथे मांडली. शंभर डॉलरमध्ये लॅपटॉप, अशी ती घोषणा होती. भारताच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ मध्ये ही योजना नाकारली. तरीही २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातील खैराट या लहानशा वस्तीच्या जिल्हा परिषद शाळेत, एकाच शिक्षकाच्या वर्गात, हे हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप मुलांच्या हाती आले. भारतातील तो पहिलाच प्रयोग होता.

त्या यंत्राचे नाव एक्सओ. त्यात एएमडी कंपनीचा जिओड एलएक्स-७०० हा प्रोसेसर होता. वेग अवघा ४३३ मेगाहर्ट्झ, रॅम २५६ एमबी, साठवण १ जीबी. त्या काळच्या बाजारातही हे आकडे दुबळेच होते. पण रचनाकारांनी प्रश्नच वेगळा विचारला होता. जेथे विजेचा भरवसा नाही, उन्हात आणि धुळीत यंत्र वापरायचे आहे, तेथे काय चालेल? म्हणून त्यात पंखा नव्हता, फिरणारी हार्ड डिस्क नव्हती, आणि मेरी लू जेप्सन यांनी घडविलेला पडदा भर उन्हातही वाचता येत असे.

त्यातील एक युक्ती फार सुंदर होती. पडद्यासाठी स्वतंत्र लहानसा नियंत्रक आणि त्याची वेगळी स्मृती ठेवली होती. मूल पान वाचत असताना प्रोसेसर झोपी जाई, आणि पान मात्र पडद्यावर तसेच राही. कळ दाबली की प्रोसेसर पुन्हा जागा होई. वाचणाऱ्या माणसाच्या दृष्टीने यंत्र चालूच असे. वीज खाणारा मात्र विश्रांती घेत असे. आजचे उत्तम लॅपटॉपही हेच तत्त्व पाळतात. आपण आकडा टंकित करतो, मग कागद पाहतो, मग पुढचा आकडा घालतो. त्या मधल्या क्षणांत चिप किती खोल झोपू शकते, यावर बॅटरीचे आयुष्य ठरते.

किमतीच्या बाबतीत ती योजना फसली. शंभर डॉलरचा लॅपटॉप दोनशे डॉलरच्या घरात गेला. पण पुढे प्रोसेसरची निवड कशी बदलत गेली, हे पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या आवृत्तीत व्हीआयए कंपनीची सी७ चिप आली. त्यानंतरच्या आवृत्तीत त्यांनी सारी परंपराच बदलली आणि मार्व्हेल कंपनीची एआरएम जातीची चिप घेतली. मोबाइलमध्ये असते तीच ही जात. विजेचा खर्च त्यामुळे आणखी उतरला. हे त्यांना शक्य झाले, कारण त्यांची सर्व सॉफ्टवेअरे लिनक्सवरील, मुक्त स्वरूपाची होती. नव्या चिपसाठी ती पुन्हा बांधून घेता आली. आपल्या पेढीवरील सॉफ्टवेअर आपल्याला असे बांधून घेता येत नाही. हा मुद्दा पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

ॲटमने शिकविलेली सावधगिरी

२००७ मध्ये आसूस कंपनीचा सात इंची ईई पीसी आला आणि छोट्या लॅपटॉपची लाट उसळली. २००८ मध्ये इंटेलने त्यासाठी ॲटम नावाची चिप आणली. एन२७० या चिपचा आकडा होता अवघा अडीच वॅट. बाजारात त्याची मोठी वाहवा झाली. पण त्याच्या जोडीला जो सहायक चिपसंच दिला जाई, तो जुन्या धाटणीचा होता, आणि तो स्वतः प्रोसेसरपेक्षा अधिक वीज खाई. मुनीम काटकसरी आणि त्याचा मदतनीस उधळ्या, असा तो संसार होता. शिवाय त्या चिपचा वेग इतका बेताचा होता की दोन-तीन कामे एकत्र उघडली की यंत्र रेंगाळू लागे. काही वर्षांतच ती लाट ओसरली.

यातून दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. प्रोसेसरचा एकटा आकडा पाहून संपूर्ण यंत्राचा वापर कळत नाही. पडदा, रॅम आणि जोडीच्या चिपाही हिशेबात येतात. आणि काटकसर एका मर्यादेपलीकडे गेली की काम रेंगाळते, माणूस ताटकळतो, पडदा तेवढा अधिक वेळ जळतो आणि वाचविलेली वीज तेथेच खर्च होते.

आज बाजारात काय आहे

पहिला वर्ग इंटेलच्या एन मालिकेचा. जानेवारी २०२३ मध्ये आलेली एन१०० ही त्यातील परिचित चिप. ६ वॅट, चार कोअर, कमाल वेग ३.४ गिगाहर्ट्झ. एन१५० ही तिचीच पुढील आवृत्ती. हिशेब, जीएसटी संकेतस्थळ, पत्रव्यवहार, व्हिडिओवरचा वर्ग एवढ्यासाठी ही चिप पुरेशी आहे. चित्रफीत उलगडण्याचे काम तिच्यातील स्वतंत्र विभाग करतो, त्यामुळे व्हिडिओ पाहतानाही बॅटरी फारशी उतरत नाही. मर्यादा अशी की रॅमकडे जाणारी वाट एकपदरी आहे. हजारो ओळींची मोठी एक्सेल फाइल, वीस-पंचवीस उघडी पाने आणि वर व्हिडिओ, असा भार एकदम टाकला तर ती दमते. याच कुळातील आय३-एन३०५ मध्ये आठ कोअर आहेत. तिचा आकडा १५ वॅट.

दुसरा वर्ग ‘यू’ अक्षराच्या चिपांचा. इंटेलची आय३-१२१५यू किंवा आय५-१२३५यू आणि एएमडीच्या रायझन मालिकेतील यू चिपा यांत येतात. मूळ शक्ती सामान्यतः १५ वॅट. हलके काम करताना त्याही थोड्या विजेवर राहतात आणि गरज पडली की जोर लावतात. या इंटेल चिपांत दोन मोठे कोअर आणि चार किंवा आठ लहान कोअर असतात. साधी कामे लहान कोअर करतात. अनेक लहान कामगारांकडून मोठे काम उरकून घेण्याची ही कल्पना आपल्याला अपरिचित नाही. मूळचे अकोला जिल्ह्यातील डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅक संस्थेने १९९१ मध्ये परम ८००० हा महासंगणक उभा केला, तो ट्रान्सप्युटर नावाचे अनेक छोटे प्रोसेसर जोडूनच.

तिसरा वर्ग महागड्या, परंतु खरोखर काटकसरी चिपांचा. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या कोअर अल्ट्रा २००व्ही मालिकेत रॅम चिपच्याच वेष्टनात बसविली आहे. त्यामुळे वीज वाचते, पण रॅम पुढे कधीही वाढविता येत नाही.

चौथा वर्ग एआरएम जातीचा. या जातीचा जन्म १९८५ मध्ये इंग्लंडमधील केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीत झाला. सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर हे तिचे रचनाकार. पहिल्या चिपची चाचणी घेताना विजेचे मापक शून्य दाखवू लागले. पाहतात तो काय, मुख्य वीजपुरवठा जोडलेलाच नव्हता. आजूबाजूच्या तारांतून झिरपणाऱ्या विजेवर चिप काम करीत होती! ॲपल कंपनीने नोव्हेंबर २०२० मध्ये याच जातीची एम१ चिप बिनपंख्याच्या मॅकबुक एअरमध्ये आणली. विंडोजच्या बाजूला २०२४ पासून क्वालकॉमच्या स्नॅपड्रॅगन एक्स चिपा आल्या आहेत.

बॅटरीच्या दृष्टीने चौथा वर्ग मोहात पाडणारा आहे. पण येथे व्यापाऱ्याने थांबावे. एआरएम विंडोज जुन्या जातीची सॉफ्टवेअरे अनुवाद करून चालवू शकते. ड्रायव्हर नावाचे खोल पातळीवरचे प्रोग्रॅम मात्र त्या जातीसाठीच लिहिलेले असावे लागतात. आपली डिजिटल सहीची यूएसबी, जुना प्रिंटर, अंगठ्याचे यंत्र, काट्याची जोडणी हे सर्व ड्रायव्हरवर चालते. यांपैकी एकाचा ड्रायव्हर नसेल, तर तेवढे काम अडलेच. म्हणून असे यंत्र घ्यायचे असेल, तर आपली सहीची यूएसबी सोबत नेऊन दुकानातच लावून पाहावी, आणि लेखा सॉफ्टवेअरच्या विक्रेत्याकडून लेखी होकार घ्यावा. मॅकबुकच्या बाबतीतही हीच दक्षता बाळगावी.

नावांच्या जंजाळात

‘आय७ आहे’ एवढ्यावर विश्वासून खरेदी करणे म्हणजे सातबारा न पाहता शेत घेण्यासारखे आहे. आमच्या परिचयातील एका कुटुंबाला जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानदाराने असेच ‘आय७’ म्हणून जुने यंत्र दिले. ते तिसऱ्या पिढीचे निघाले. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. विंडोज ११ अधिकृतपणे चालविण्यासाठी इंटेलच्या चिपांत सामान्यतः आठव्या पिढीपासून पुढची चिप लागते, सोबत टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते. त्या कुटुंबाची मोठी मुलगी पुण्यास सनदी लेखापालाच्या अभ्यासक्रमाला निघाली होती. हाच लॅपटॉप तिच्यासोबत जायचा होता. शेवटी तो घरी गाणी ऐकण्यापुरता उरला आणि नव्या यंत्रासाठी पुन्हा पैसे उभे करावे लागले.

इंटेलच्या नावात आय५ नंतर येणारे पहिले एक-दोन अंक पिढी सांगतात. ८२५० म्हणजे आठवी, १२३५ म्हणजे बारावी. एएमडीच्या रायझन ७००० मालिकेत गंमत अशी की तिसरा अंक खरी रचना सांगतो. ७५२०यू मधील २ म्हणजे झेन २ ही २०१९ मधील रचना. ७५३०यू म्हणजे झेन ३. ७५४०यू म्हणजे झेन ४. नावे सख्ख्या भावांसारखी, वयांत मात्र वर्षांचे अंतर. सेलेरॉन आणि पेन्टियम ही नावे इंटेलने २०२३ पासून नव्या लॅपटॉप चिपांसाठी बंद केली आहेत. त्यामुळे त्या नावाची वस्तू नवीन म्हणून समोर आली, तर मालाची तारीख विचारावी.

विदर्भातील उन्हाळा आणि कापसाचे तंतू

परदेशी परीक्षणांत सहसा न येणारा एक विषय आपल्यासाठी कळीचा आहे. चिप साधारण १०० अंश सेल्सिअसच्या आसपास स्वतःला आवरते, वेग कमी करते. उष्णता बाहेर जाते ती तापमानातील फरकामुळे. खोलीत २५ अंश असताना हा फरक ७५ अंशांचा असतो. मे महिन्यात पत्र्याच्या दुकानात ४३ अंश असले, तर तो ५७ वर येतो. म्हणजे तेच यंत्र उष्णता टाकण्याची सुमारे एक-चतुर्थांश क्षमता गमावते. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी घडविलेले असतात, हेही ध्यानात असावे.

पंखा असावा की नसावा, हा प्रश्न येथे येतो. कापूस, धान्य आणि हळद यांच्या व्यापारात हवेत तंतू आणि बारीक भुकटी असते. पंखा ती आत ओढतो, जाळीवर थर बसतो, आणि दोन हंगामांत यंत्र गुरगुरू लागते. बिनपंख्याच्या यंत्राला ही बाधा होत नाही. मात्र त्याची सारी उष्णता कवचातूनच बाहेर पडते. म्हणून ६ वॅटच्या चिपसाठी बिनपंख्याची रचना शोभते. १५ वॅटची चिप बिनपंख्याच्या पातळ कवचात कोंबलेली असेल, तर आपल्या उन्हाळ्यात ती सतत वेग आवरीत राहील. पंख्याचे यंत्र घेतलेच, तर वर्षातून एकदा, हंगाम संपताच, जाळी साफ करून घ्यावी. लॅपटॉप गादीवर किंवा उशीवर ठेवून चालवू नये. खालची छिद्रे झाकली जातात. आणि उन्हात उभ्या गाडीत तो कधीही सोडू नये. उष्णता हा लिथियम बॅटरीचा सर्वांत मोठा शत्रू आहे.

कोणी काय घ्यावे

लहान पेढी, दिवसाला मोजकी बिले, एकच लेखा सॉफ्टवेअर आणि जीएसटीची कामे, एवढीच गरज असेल तर एन१०० किंवा एन१५०, बिनपंख्याचे यंत्र, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवणीचे स्वस्त यंत्र घेऊ नये. विंडोज ११ ची किमान अट तेवढीच असली, तरी अद्ययावतीकरणातच जागा भरून जाते.

मोठी उलाढाल, अनेक गोदामे, मोठ्या एक्सेल फाइली आणि सोबत घरातील मुलामुलींचा अभ्यास असेल, तर बाराव्या किंवा त्यापुढील पिढीची यू चिप, अथवा रायझनची झेन ३ पुढील चिप घ्यावी. रॅम १६ जीबी, किंवा ८ जीबीसोबत वाढविण्याची रिकामी जागा. पंखा असणारच, त्याची निगा राखावी. बॅटरी ५० वॅट-तासांच्या आसपास पाहावी.

सनदी लेखापाल, वाणिज्य किंवा अभियांत्रिकीसाठी शहरात राहणाऱ्या मुलामुलींचे यंत्र चार-पाच वर्षे टिकायचे असते. तेथे पाच हजार रुपये अधिक गेले तरी नवी पिढी घ्यावी. मुलीसाठी घरातील जुना लॅपटॉप आणि मुलासाठी नवा, अशी वाटणी काही घरांत अजून दिसते. अभ्यासक्रम दोघांचा सारखाच असतो, हे वडीलधाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

दुकानात जाताना एका चिठ्ठीवर पुढील गोष्टी लिहून न्याव्यात. प्रोसेसरचे पूर्ण नाव, अक्षरे आणि अंकांसह. मूळ शक्ती आणि कमाल शक्ती. बॅटरी किती वॅट-तासांची. रॅम वाढविता येते काय. सी-प्रकारच्या तारेने चार्ज होतो काय, आणि किती वॅटच्या चार्जरवर. पंखा आहे की नाही. दुरुस्तीचे अधिकृत केंद्र आपल्यापासून किती दूर. हीच माहिती बिलावरही लिहून घ्यावी; पुढे वाद उद्भवला तर तोच पुरावा असतो. घरी आल्यावर पहिल्या आठवड्यात एकदा पूर्ण चार्ज करून, नेहमीचे काम करीत, यंत्र बंद पडेपर्यंतचे तास मोजावेत आणि तो आकडा तारखेसह नोंदवून ठेवावा. वर्षभराने पुन्हा मोजला की बॅटरीची झीज किती झाली हे आपोआप कळते, आणि हमीची मुदत संपण्यापूर्वी तक्रार करायची की नाही, याचा निर्णय घेता येतो.